ऐकूं येतें, पण समजत नाहीं

मोठ्या वयांत येणारा बहिरेपणा आणि श्रवणयंत्रांचा उपयोग, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय ध्वनिक्षेपकासमोर बसून मांडावयाचा म्हणजे मोठी अडचणीचीच गोष्ट. कारण ज्यांच्यासाठीं मुख्यतः बोलावयाचें, त्यांनाच माझें बोलणें नीट पोंचणार नाहीं. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, हें भाषण मीं त्यांच्या शेजारीं बसलेल्या मंडळींना उद्देशून योजिलें आहे. या क्षणीं ज्या घरांत आवाज वाढवावा कीं कमी करावा याविषयीं दोन माणसांत वाद चालू असेल, त्या घरांतील दोघांचेंही लक्ष मला हवें आहे. त्या वादांत दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, आणि दोन्ही पक्षांना एकमेकांची बाजू ठाऊक नसते.

आपल्या मराठी भाषेंत कानाला मोठा मान आहे. महत्त्वाची गोष्ट आपण वडीलधाऱ्यांच्या कानांवर घालतों, नको असलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करतों, आणि चहाडखोर माणूस दुसऱ्याचे कान फुंकतो. परंतु ज्याचा कान खरोखरच मंद झाला, त्याच्या वाट्याला फारशी सहानुभूति येत नाहीं. डोळ्यांस चष्मा लागला तर माणूस विद्वान दिसूं लागतो. कानाला यंत्र लागलें तर तो म्हातारा ठरतो. नाटकांतील आंधळ्या पात्राला पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें, आणि बहिऱ्या पात्राला पाहून त्यांना हंसूं येतें. या एका भेदामुळें किती माणसें आपलें न्यून लपवीत बसतात, याची आपणांस कल्पना नसते. मलाही ती नव्हती.

येथें थोडें घरचें सांगणें भाग आहे. माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर रोज सकाळीं मंडईंत जाऊन भाजी आणणें हा त्यांचा नेम होता. एके दिवशीं भाजीवाल्यानें हिशेब सांगितला, "एकशें साठ." वडिलांनीं ऐकलें, "एकशें आठ." त्यांनीं एकशें दहा रुपये पुढें केले आणि दोन रुपये परत मिळण्याची वाट पाहत ते उभे राहिले. पुढें जी बोलाचाली झाली तिच्यामुळें भोंवतीं माणसें जमलीं, आणि कोणीतरी म्हणालें कीं, हीं म्हातारीं माणसें मुद्दामच असें करतात. वडील घरीं आले, पिशवी खुंटीला अडकविली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं मंडईंत जाणें बंद केलें. कारण विचारलें तेव्हां "गुडघे दुखतात" असें उत्तर मिळालें. खरी हकीकत आम्हांला पुष्कळ महिन्यांनीं शेजाऱ्यांकडून कळली.

आतां या "साठ" आणि "आठ" यांत फरक आहे तो केवळ आरंभींच्या एका स-काराचा. हा स-कार ज्या कानाला ऐकूं येत नाहीं, त्याला साठाचे आठ ऐकूं येणारच. हें असें कां होतें तें समजून घेतलें म्हणजे या सगळ्या विषयाची किल्ली हातीं येते.

बाहेरचा ध्वनि कानाच्या नळींतून जाऊन पडद्यावर आदळतो. पडद्याला लागून तीन चिमुकलीं हाडें असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. यांतील रिकीब हें तर आपल्या शरीरांतील सर्वांत लहान हाड. तें सुमारें ३ मिलिमीटरच भरतें. हीं हाडें पडद्याचें कंपन पुढें आंतल्या कानांत पोंचवितात. तेथें गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवानें भरलेली एक नळी असते. तिला शंखिका म्हणूं. या शंखिकेंत सूक्ष्म केसांचे झुबके असलेल्या सुमारें १५,००० पेशी ओळीनें मांडलेल्या असतात. कंपनानें हे केस हालतात, आणि त्या हालण्याचें विजेच्या संदेशांत रूपांतर होऊन तो संदेश मज्जातंतूनें मेंदूकडे जातो. ऐकण्याचें काम कान करतो असें आपण म्हणतों. वस्तुतः कान ध्वनि गोळा करतो, आणि त्याचा अर्थ मेंदू लावतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

शंखिकेंतील पेशींची वांटणी मोठी व्यवस्थित आहे. तोंडापाशीं असलेल्या पेशी उंच पट्टीच्या, म्हणजे तीव्र स्वरांना दाद देतात. आंत टोंकाकडे असलेल्या पेशी खर्जांतल्या स्वरांना. बुडापेस्ट येथें जन्मलेल्या आणि तेथल्या टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत काम केलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञानें शंखिकेंतून ध्वनीची लाट कशी जाते हें दाखवून दिलें. त्याबद्दल त्याला १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वय वाढतें तसतशा या पेशी झिजतात, आणि बहुधा तोंडापाशींच्या, तीव्र स्वरांच्या पेशी आधीं जातात. कोंबडीच्या कानांत गेलेली पेशी पुन्हां उगवते. माणसाच्या कानांत ती उगवत नाहीं.

आतां भाषेकडे वळूं. आपल्या बोलण्यांतील स्वर, म्हणजे अ, आ, ओ वगैरे, हे खालच्या पट्टींतले आणि जोरकस असतात. त्यांचें बळ मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खालीं असतें. स, श, फ, ख, थ यांसारखीं व्यंजनें दुबळीं असतात आणि त्यांची पट्टी उंच. स-काराची पट्टी ४,००० हर्ट्झच्या आसपास व त्याहूनही वर जाते. स्वरांनीं बोलण्याला आवाज मिळतो, पण अर्थ मिळतो तो व्यंजनांनीं. तेव्हां वार्धक्यानें ज्याचा कान मंद झाला त्याला बोलण्याचा आवाज ऐकूं येतो, बोलणें चालू आहे हें कळतें, पण शब्द कोणता तें कळत नाहीं. सात, हात, भात, रात हे सगळे शब्द त्याला एकासारखे एक वाटतात. म्हणूनच अशा माणसाची तक्रार "मला ऐकूं येत नाहीं" अशी नसते. तो म्हणतो, "ऐकूं येतें, पण समजत नाहीं. आजकाल माणसें पुटपुटतात." आपण त्यावर हंसतों. वास्तविक तो आपल्या दुखण्याचें अगदीं बिनचूक वर्णन करीत असतो.

यावरून घरोघरीं ऐकूं येणाऱ्या दोन आरोपांचा निकाल लागतो. पहिला आरोप असा कीं, "त्यांना सोयीचें तेवढें बरोबर ऐकूं येतें." शेजारच्या गृहस्थांचा भारदस्त आवाज आजोबांना कळतो, आणि नातीचा किंवा सुनेचा कळत नाहीं, म्हणून हा आरोप. परंतु स्त्रियांचा व मुलांचा आवाज उंच पट्टीचा आणि बहुधा हळू असतो, तेव्हां तो आधीं हरवावा यांत नवल नाहीं. दुसरा आरोप असा कीं, "आधीं मोठ्यानें बोल म्हणतात, आणि मोठ्यानें बोललें कीं, ओरडतोस कशाला म्हणून रागावतात." हेंही खरें आहे, आणि तेंही दुखण्याचेंच लक्षण आहे. अशा कानाला हळू आवाज मुळींच लागत नाहीं, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, किंबहुना अधिकच खुपतो. ऐकूं येण्याची आणि असह्य होण्याची या दोन मर्यादा एकमेकींच्या जवळ आलेल्या असतात. त्या अरुंद जागेंत आवाज नेमका बसविणें हेंच श्रवणयंत्राचें काम.

सगळाच बहिरेपणा या जातीचा नसतो. कित्येकदां अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानांत असतो: मळाचा गोळा, पडद्याला पडलेलें भोंक, मागें सांचलेला पू किंवा द्रव, अथवा रिकिबीचें हाड घट्ट धरून बसणें. यांतील बहुतेकांवर औषधानें अगर शस्त्रक्रियेनें इलाज होतो. धरून बसलेली रिकीब काढून तिच्या जागीं कृत्रिम दांडी बसविण्याची शस्त्रक्रिया १९५६ सालीं अमेरिकेंत जॉन शे यांनीं प्रथम केली. आज ती आपल्याकडेही होते. म्हणून यंत्राच्या दुकानाकडे पाऊल टाकण्यापूर्वीं कानाच्या डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. एका गोष्टीविषयीं तर विशेष सावध करतों. एखाद्या सकाळीं उठल्यावर एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर "सर्दी असेल, जाईल" म्हणून थांबूं नये. हा आणीबाणीचा प्रसंग समजावा आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. पहिल्या कांहीं दिवसांत औषध सुरूं झालें तर ऐकणें परत येण्याचा संभव अधिक; दिवस गेले कीं संधि गेली. आणि कानांत तेल कढवून घालणें, हेअरपिन किंवा काडी घालून कोरणें हे आपले घरगुती उपाय मात्र कायमचे सोडावे.

वयाखेरीज कानाचा मोठा शत्रु म्हणजे गोंगाट. १८८६ सालीं ग्लासगो येथील थॉमस बार या डॉक्टरानें बॉयलर बनविणाऱ्या कामगारांचे कान तपासून, हातोड्याच्या ठणठणाटानें ते कसे निकामी होतात हें जगापुढें मांडलें. मागाच्या खात्यांत आयुष्य घालविलेल्या गिरणी कामगारांना हें निराळें सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सहन होतो. त्यापुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, आणि १०१ डेसिबलला ती २० मिनिटांच्याही आंत येते. गणपतीच्या मिरवणुकींत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढें उभें राहणाऱ्या तरुणांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिवर्धकाला मनाई करणारा नियम आपल्या देशांत २००० सालापासून आहे; पण कानाच्या पेशींना रात्र आणि दिवस यांतला भेद कळत नाहीं. कांहीं औषधेंही कानाला बाधतात. क्षयावर दिलें जाणारें स्ट्रेप्टोमायसीन हें त्यांतील जुनें उदाहरण. अशीं औषधें चालू असतांना कान वाजूं लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावें.

कानाची तपासणी अगदीं सोपी आणि वेदनारहित असते. ध्वनिबंद खोलींत बसवून कानांवर श्रवणिका लावतात, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतचे निरनिराळे स्वर क्रमानें हळू करीत ऐकवितात, आणि ऐकूं येतांच बटन दाबावयास सांगतात. त्यावरून जो आलेख निघतो त्याला श्रवणालेख म्हणतात. चांगल्या कानाला २० डेसिबलच्या आंतला स्वर लागतो. ३५ च्या पुढें गेलेल्याला नेहमींचें संभाषण जड जाऊं लागतें, आणि ८० च्या पुढें तर शेजारीं बसून मोठ्यानें बोललेलेंही कळत नाहीं. साधारण संभाषणाचा आवाज एक मीटरवर सुमारें ६० डेसिबल असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळेल. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकानें जसे डोळे तपासावे तसेच कानही एकदां तपासून घ्यावे.

श्रवणयंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. कानामागें तळहात धरणें हें त्याचें पहिलें रूप. तें आजही सभागृहांत दिसतें. मग शिंगाच्या आकाराचे कर्णे आले. बीथोव्हेन या थोर संगीतकारासाठीं मेल्त्सेल या यंत्रज्ञानें तयार केलेले कर्णे आजही बॉन येथें जपून ठेवलेले आहेत. ऐकणें सुटत चाललें तसा बीथोव्हेन १८१८ पासून वह्या बाळगूं लागला. भेटावयास येणाऱ्यांनीं आपलें म्हणणें त्यांत लिहावें आणि त्यानें तोंडीं उत्तर द्यावें. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची आई कानानें मंद होती आणि पत्नी पूर्ण बहिरी. तारेवरून आवाज पाठविण्याच्या त्याच्या खटाटोपामागें हाही एक धागा होता. टेलिफोनच्याच तत्त्वावर १८९८ च्या सुमारास अमेरिकेंत मिलर रीझ हचिसन यानें विजेवर चालणारें श्रवणयंत्र बनविलें. पुढें रेडिओंतले दिवे यंत्रांत आले, आणि त्यांच्याबरोबर खिशांत बाळगावयाची जड बॅटरीही आली. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि तो १९५२ सालीं बाजारांत उतरला तो रेडिओच्याही आधीं श्रवणयंत्रांतून. १९९६ सालीं संपूर्ण अंकीय यंत्रें आलीं. आजचें यंत्र म्हणजे कानामागें मावणारा चिमुकला गणकच होय. तें सगळाच आवाज सरसकट मोठा करीत नाहीं. तुमच्या श्रवणालेखांत जेथें उणीव आहे तेथें भर घालतें, हळू आवाज अधिक वाढवितें आणि मोठा आवाज कमी वाढवितें.

इतकें असूनही यंत्र म्हणजे चष्मा नव्हे, आणि येथेंच बहुतेकांची निराशा होते. चष्मा लावतांच अक्षर स्पष्ट होतें. यंत्र लावतांच शब्द स्पष्ट होत नाहीं. कित्येक वर्षें ज्या मेंदूला स-कार, श-कार पोंचलेच नाहींत, त्याला ते पुन्हां ओळखावयास शिकावें लागतें. आमच्या घरीं वडिलांसाठीं पहिलें यंत्र आणलें तेव्हां आम्ही ही चूक केली. श्रवणतज्ज्ञाकडे न जातां, जाहिरात पाहून, सगळा आवाज सरसकट वाढविणारें एक स्वस्त यंत्र मागविलें, त्यांच्या कानांत बसविलें आणि लगेच सर्वांनीं मिळून त्यांच्याशीं बोलावयास आरंभ केला. वर्तमानपत्राची घडी उलगडण्याचा आवाज त्यांना करवतीसारखा वाटला, आणि मोरींत पडलेल्या भांड्याच्या आवाजानें ते दचकून उठले. पंधरा दिवसांत यंत्र टेबलाच्या खणांत गेलें. "मला याची गरज नाहीं," असें त्यांनीं सांगितलें, आणि आम्हींही सुटल्यासारखें मानलें.

तें यंत्र चार वर्षें खणांत राहिलें. या काळांत वडील हळूहळू गप्प झाले. पाहुणे आले कीं ते थोडा वेळ हंसत बसत. कधीं नको तेथें हंसत. मग उठून आंत जात. आम्हांला वाटे, उतारवयांत माणसाला विरक्ति येते. माझी आत्या दूरगांवीं असे. ती त्यांची एकुलती एक बहीण. दर रविवारीं तिचा फोन येई. पूर्वी ते अर्धा अर्धा तास बोलत. या दिवसांत ते फोन माझ्या हातीं देत आणि म्हणत, "तूंच बोल. मी बरा आहें म्हणून सांग." त्या चार वर्षांत आत्या गेली. शेवटीं शेवटीं ती मला विचारी, "दादा माझ्यावर रागावला आहे काय?" मी म्हणें, "नाहीं आत्या, त्यांना फोनवर कंटाळा येतो." हें उत्तर मीं कितीदां दिलें असेल! त्यांना कंटाळा आलेला नव्हता. तिचा बारीक आवाज त्यांना कळत नव्हता, आणि तें कबूल करण्याची त्यांना लाज वाटत होती.

तिच्या निधनानंतर आम्ही शहाणे झालों. कानाचे डॉक्टर झाले, आलेख निघाला, आणि एका श्रवणतज्ज्ञ बाईंनीं दोन्ही कानांसाठीं निराळीं यंत्रें जुळवून दिलीं. दोन कानांस दोन यंत्रें, हें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. कारण आवाज कोणत्या दिशेनें येतो हें ओळखणें आणि गोंगाटांतून एक आवाज निवडणें यासाठीं मेंदूला दोन्ही कान लागतात. पहिला आठवडाभर घरांत, शांत खोलींत, एकाच माणसाशीं बोलावयाचें, मग दोघांशीं, मग रस्त्यावर, आणि लग्नसमारंभाची पाळी सर्वांत शेवटीं. दिवसांतून एक तासापासून सुरुवात करून वेळ वाढवीत न्यावयाचा. मधून मधून बाईंकडे जाऊन यंत्र पुन्हां पुन्हां जुळवून घ्यावयाचें. रोज सकाळीं मी वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत असें आणि वडील तेंच पान डोळ्यांपुढें धरून ऐकत असत. तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "हें घड्याळ केव्हां दुरुस्त करून आणलेंत?" घड्याळ कधीं बंद पडलेंच नव्हतें.

सगळें पूर्ववत् झालें असें मात्र नाहीं, आणि तसें सांगून मी कोणास फसविणार नाहीं. मंगल कार्यालयाच्या गलबल्यांत त्यांना अखेरपर्यंत नीट कळत नसे. चांगलें यंत्रही एक-दोन मीटरच्या अंतरांतलें बोलणेंच उत्तम टिपतें. अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलनें उतरतो. पण ते पुन्हां मंडईंत जाऊं लागले. हिशेब ऐकला कीं तो स्वतः उच्चारून पक्का करीत, आणि लाज न बाळगतां सांगत, "मला कमी ऐकूं येतें, जरा इकडे तोंड करून बोला."

यंत्राची निगाही राखावी लागते. स्नानाच्या वेळीं तें काढून ठेवावें. आपल्याकडील पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत, दमट हवेनें आणि घामानें यंत्र बिघडतें. म्हणून रात्रीं तें ओल शोषून घेणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवावें. कानांतील मळानें त्याचें तोंड बुजतें, तें रोज पुसावें. यंत्र शिटी घालूं लागलें तर बहुधा सांचा सैल बसलेला असतो किंवा कानांत मळ असतो. यंत्र वाईट म्हणून टाकून देऊं नये. ज्यांना मोठ्यांतल्या मोठ्या यंत्रानेंही शब्द कळत नाहीं, त्यांच्यासाठीं शंखिकेंत विजेच्या तारा बसविण्याची शस्त्रक्रिया आहे. तिच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक, मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क यांनीं १९७८ सालीं ती प्रथम एका प्रौढ गृहस्थावर केली. क्लार्क यांचे वडील औषधांचे दुकानदार होते आणि कानानें मंद होते. गिऱ्हाइकांशीं बोलतांना त्यांची होणारी कुचंबणा मुलानें लहानपणापासून पाहिली होती.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. चांगल्या यंत्राची किंमत अनेकांना परवडत नाहीं. परंतु सर्वांत महाग यंत्रच सर्वांत उपयोगी असें नव्हे. नीट जुळविलेलें साधें यंत्र न जुळविलेल्या भारी यंत्राहून चांगलें. सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. मुंबईंत वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्याला वाहिलेली आहे, आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून काम करीत आहे. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना श्रवणयंत्रासारखीं साधनें विनामूल्य देण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं राष्ट्रीय वयोश्री योजना सुरूं केली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें, ज्यांना यंत्राचा उपयोग होईल अशा १०० माणसांपैकीं केवळ १७ जण तें वापरतात. या तफावतीला पैशाबरोबरच आपला संकोचही कारण आहे.

संकोचाची किंमत केवळ मनालाच पडते असें नाहीं. "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचीं जीं टाळतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं, त्यांत बहिरेपणाची गणना प्रमुखांत आहे. अमेरिकेंत ७० ते ८४ वयाच्या ९७७ स्त्रीपुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. सर्वांना मिळून पाहतां तीन वर्षांत यंत्रानें बुद्धीच्या ऱ्हासांत फरक पडलेला दिसला नाहीं. परंतु ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळांतच अधिक होता, त्यांच्यांत यंत्र वापरणाऱ्यांच्या ऱ्हासाचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. यावरून यंत्र हें बुद्धीचें औषध आहे असा दावा कोणी करूं नये. पण कान मंद झालेल्या वृद्धाला एकटें पडूं देणें धोक्याचें, एवढें यावरून समजावें.

शेवटीं, यंत्र असो वा नसो, घरच्यांच्या हातीं पुष्कळ आहे, आणि त्याला एक पैही पडत नाहीं. दुसऱ्या खोलींतून हांक मारून बोलूं नका. समोर या, उजेडाकडे तोंड करा, आणि आधीं नांव घेऊन लक्ष वेधा. ओरडूं नका, ओरडण्यानें स्वर फुगतात, व्यंजनें तशींच दुबळीं राहतात आणि चेहरा मात्र रागावलेला दिसतो. सावकाश, स्पष्ट बोला. एकदां कळलें नाहीं तर तेंच वाक्य तीनदां न म्हणतां शब्द बदलून म्हणा. "साठ" कळलें नाहीं तर "सहा दाही साठ" म्हणा. बोलतांना मिक्सर आणि दूरदर्शन बंद करा. आणि एक वाक्य घरांतून कायमचें हद्दपार करा. "काय म्हणालात?" असें त्यांनीं विचारलें कीं आपण कंटाळून म्हणतों, "कांहीं नाहीं, जाऊं द्या." श्रोतेहो, असें दहा वेळां ऐकलेला माणूस अकराव्यांदा विचारीत नाहीं. तो आंत जाऊन बसतो, आणि आपण त्याला विरक्ति म्हणतों.

हें भाषण पुढें छापून येईल, तेव्हां ज्यांना आज तें ऐकतां आलें नाहीं त्यांच्या हातीं तो अंक द्यावा. मात्र अंक देऊन उठून जाऊं नये. त्यांच्यासमोर, उजेडांत, थोडा वेळ बसावें. आणि दूरगांवच्या कोणा बहिणीला, भावाला बरेच दिवसांत फोन करावयाचा राहिला असेल तर तो त्यांना त्याच दिवशीं करून द्यावा.